खालच्या शेतातले दोन खड्डे

आत्या थोरल्यांच्या खुर्चीत जाऊन बसली, तेव्हाच घरातल्या सगळ्यांना कळलं की आजचा दिवस सरळ जाणार नाही.

"ताई, ती माझी खुर्ची आहे," थोरले दारातून म्हणाले.

"माहीत आहे. म्हणूनच बसले. तू उभा असलास की कमी बोलतोस."

थोरले उभेच राहिले. सबंध शेतीचा कारभार त्यांच्या शब्दावर चालायचा, पण मोठ्या बहिणीपुढे अजूनही त्यांचा आवाज अर्ध्यावर यायचा. आत्याने जन्मभर शाळा चालवली होती. मुख्याध्यापिकेच्या पदावरून ती निवृत्त झाली, तरी समोरच्याला ओळीत उभं करायची सवय काही सुटली नव्हती.

टेबलाभोवती बाकीचे आधीच जमले होते. थोरल्यांचा मुलगा, ज्याला घरात सगळे दादा म्हणत, ट्रॅक्टरची किल्ली बोटाभोवती फिरवत होता. त्याची बायको पिठाच्या गिरणीत वजनकाट्यावर काम करायची. ती आज सुट्टी काढून सगळ्यांना चहा ओतत होती. आणि खिडकीपाशी, परक्याच्या घरी आल्यासारखे अंग चोरून, धाकटे बसले होते. बाजारपेठेत त्यांचं इंजिनदुरुस्तीचं दुकान होतं आणि सगळे त्यांना मिस्त्री म्हणत.

"भट्टीवाला संध्याकाळी होकार न्यायला येतोय," दादा म्हणाला. "खालच्या शेताची वरची माती तो विटांसाठी उचलणार. मग खड्डा उरेल, त्यात हवं तर मासे पाळा. निदान त्या तुकड्याचा काही उपयोग तरी होईल."

"तिघा भावंडांचा होकार लागतो," आत्या म्हणाली. "माझा धरूनच चाललास वाटतं?"

"आत्या, तूच म्हणाली होतीस ना, ते शेत म्हणजे घरातला बिनकामाचा पाहुणा!"

आत्या म्हणाली होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ओढ्यालगतचा तो सपाट, ऐसपैस तुकडा दिसायला देखणा होता. पण पावसात तिथे पाणी साचून राहायचं, आणि पाणी हटलं की जमीन पाय ठेवला तर टणटण वाजायची. गहू तिथे कधी धड आलाच नाही. ती होकार द्यायचं मनाशी ठरवूनच आली होती.

"मुंगी येतेय," खिडकीपाशी मिस्त्री हळूच म्हणाले. "तिला एकदा बघू द्या."

मुंगी म्हणजे त्यांची मुलगी. लहानपणी दिवसभर अंगण उकरत बसायची म्हणून आत्यानेच तिला हे नाव ठेवलं होतं. आता ती सरकारी मातीपरीक्षण केंद्रात नोकरीला होती.

"बघायचं काय राहिलंय, धाकट्या?" थोरले म्हणाले. "वडिलांनी बघितलं, मी बघितलं. तूही बघितलंस."

शेवटचे दोन शब्द टेबलावर पडून राहिले. ऐन तारुण्यात मिस्त्रींनी हट्टाने खालच्या शेतात गहू पेरला होता. तो गुडघ्यापर्यंत वाढला, पिवळा पडला आणि गेला. तेव्हा चारचौघांत थोरले बोलून गेले होते, की ह्याच्या हाताला यश नाही. मिस्त्रींनी त्याच आठवड्यात शेती सोडली आणि हातात पाना घेतला. तेव्हापासून ते ह्या घरात यायचे, जेवायचे आणि निघून जायचे.

आत्याने धाकट्या भावाकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी मार खाताना व्हायचे तसेच. तिचा बेत तिथेच फिरला.

"मुलगी बघेल," ती म्हणाली. "तोवर कुणी हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही."

बाहेर स्कूटर थांबली. मागे बांधलेलं, खोलवरची माती उपसायचं लांब लोखंडी गिरमिट सावरत मुंगी आत आली आणि आधी टेबलावरची बिस्किटांची बशी रिकामी केली. "भूक लागली होती," ती म्हणाली. "चला, ऊन चढायच्या आत सुरुवात करू."

"तुझ्या केंद्राचा शिक्का मिळणार का?" दादाने विचारलं. "तुमची ती पाहणी चालू आहे ना, पडीक जमिनीवर धान्य घ्यायची?"

"चालू आहे. दोन हंगाम हुकलेत, सगळीकडे बाहेरचं धान्य येतंय आणि तेही पुरत नाही, म्हणून कुठल्या जमिनी धान्याला चालतील ते आम्ही शोधतोय. पण घरच्या जमिनीवर मी शिक्का मारायचा नसतो. माझा सहकारी येऊन पुन्हा तपासेल. मी आज रजेवर आहे. जे दिसेल ते सांगेन."

"आणि आमच्या बाजूचं दिसलं तर?"

"तर तेही सांगेन, दादा."

*

दादाला ही चुलत बहीण आवडायची. पण खालच्या शेतावर तिचं प्रेम असणं सोपं होतं. दर वर्षी तिथल्या चिखलात ट्रॅक्टर रुतायचा तो त्याचा. फळ्या टाकून, साखळी लावून, कमरेपर्यंत चिखलाने भरून तो बाहेर काढायचा तो त्याने. वडिलांचे गुडघे गेल्यापासून शेतीचं सगळं ओझं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर होतं, आणि घरात कुणाला ते दिसत नव्हतं. भट्टीवाला आला तेव्हा दादाला पहिल्यांदा वाटलं, की आपल्या पाठीवरचं काहीतरी कुणीतरी उचलून नेतंय.

मुंगीने आधी शेताला पुरती फेरी मारली. गवत कुठे दाट, कुठे विरळ, कुठे नुसतंच पांढरं पडलंय, ते बघितलं. मग ओढ्याजवळ थांबून म्हणाली, "इथे."

दादा आणि मिस्त्री आळीपाळीने खणू लागले. माती फावड्याला चिकटायची, सोलून काढावी लागायची. वर मिठासारखा पांढुरका पापुद्रा होता, आणि खाली राखाडी, बुळबुळीत, कुबट वासाचा चिखल. मुंगीने ढेकूळ पाण्यात घोळून त्यात आपलं छोटं यंत्र बुडवलं, आकड्याकडे पाहिलं, पुसून पुन्हा बुडवलं.

"इथे गहू येणार नाही," ती म्हणाली. "खार फार आहे. निचरा नाही. माती मेणासारखी मिटलीये. कितीही मेहनत केली तरी नाही."

तिने आवाज मुळीच खाली आणला नाही. मिस्त्री वळून ओढ्याकडे बघत राहिले. लेकीने बापाची बाजू इतक्या सरळपणे पाडलेली बघून दादालाच कसंतरी झालं. तो फावडं पुसायला लागला.

"झालं तर," थोरले म्हणाले. "चला घरी."

"मोठे काका, एका खड्ड्यावरून सगळं शेत ठरत नाही."

"पहिला मनासारखा निघाला नाही म्हणून दुसरा?"

"मनासारखा निघाला असता तरी दुसरा खणलाच असता. ओढ्याचं पाणी इथवर येतं, मध्यावर येत नाही. तिथलं गवत बघा, निराळं आहे."

"गवत म्हणजे गवत," थोरले म्हणाले.

तेवढ्यात दादाची बायको, मुंगीची वहिनी, पुढे झाली. आतापर्यंत ती बांधावर पाण्याची घागर घेऊन उभी होती. "बाबा, गिरणीत आम्ही पोतं वर, मध्ये आणि तळाशी टोचून बघतो. नुसतं वरचं बघून घेतलं तर मालक मला घरी बसवेल."

दादाने तिच्याकडे पाहिलं. "तू कुणाच्या बाजूची?"

"गव्हाच्या," ती म्हणाली. "अहो, तुम्हाला माहीत नाही का? गिरणी निम्मा आठवडा बंद असते. दळायला काही नसतं. बायका रिकाम्या पिशव्या घेऊन येतात, उभ्या राहतात आणि मलाच विचारतात, उद्या येऊ का? काट्यावर बसून रोज मी काय उत्तर देऊ?"

हे ती घरी कधी बोलली नव्हती. दादाने फावडं उचललं आणि शेताच्या मध्याकडे चालू लागला.

*

दुसऱ्या खड्ड्यात फावडं दीड वीत खाली गेलं आणि खणकन वाजलं.

"खडक," थोरले म्हणाले. ते बांधावर एका दगडावर टेकले होते. "मी काय सांगत होतो? खाली खडक आहे. वडील हेच म्हणायचे."

मुंगी खड्ड्यात उतरली. तिने सुरी काढली आणि खड्ड्याची बाजू व कडक तळ खरवडला. खरवडत राहिली. मग म्हणाली, "मोठे काका, जरा इथे या ना."

"तिथून बोल. ऐकू येतंय."

"ऐकायचं नाही, बघायचं आहे."

थोरले गुडघा धरत उठले. दादाने हात दिला तो त्यांनी घेतला नाही. आत्याने दिला तो घ्यावा लागला. खड्ड्याच्या काठाशी वाकून त्यांनी पाहिलं. वर भुसभुशीत माती, तिच्याखाली तळहाताएवढ्या जाडीचा एक राखाडी पट्टा, सरळ, रुळाने आखल्यासारखा.

"हा खडक नाही," मुंगी म्हणाली. "ही मातीच आहे. दाबून दाबून अशी झालीये. आता बाबा, पहार घाला इथे. जोरात."

मिस्त्री पहार घेऊन खड्ड्यात उतरले. दोन घावांत काही झालं नाही. तिसऱ्या घावाला पट्ट्याचा तुकडा उडाला, आणि पुढच्या घावाला पहार अशी आत गेली की मिस्त्री तोल जाऊन खड्ड्याच्या काठावर आदळले.

"अरे!" थोरले म्हणाले.

पट्ट्याखाली तांबूस तपकिरी माती होती. मुंगीने तिचा गोळा हातात घेतला, तो बोटांत नुसता फुटला. तिने गिरमिट लावलं. फिरवायचं, उपसायचं, पुन्हा फिरवायचं. एकेक घास निघत गेला तसा तो तिने क्रमाने पोत्यावर मांडला. गिरमिट मुठीपर्यंत आत गेलं तरी खाली तीच माती. यंत्र बुडवून बघितलं. खार नाही.

"किती खोल आहे ही?" आत्याने विचारलं.

"माझं गिरमिट संपलं, आत्या. माती नाही संपली."

मग तिने कडेचं एक रोप मुळासकट सोडवून थोरल्यांच्या हातात दिलं. मूळ सरळ खाली गेलं होतं, पट्ट्यापाशी पोचलं होतं, आणि तिथून कोपरासारखं वळून आडवं निघालं होतं. थोरले ते मूळ बोटाने चाचपत राहिले. इतकी वर्षं त्यांनी ह्या शेतातली असली असंख्य रोपं उपटून फेकली होती. मुळाकडे पाहिलं नव्हतं.

"हा थर केला कुणी?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना कळलं होतं.

"नांगराने. एकाच खोलीवर, जमीन ओली असताना, वर्षानुवर्षं फिरला की त्याच्या तळाशी असा थर बसतो. मग पाणी खाली जात नाही, मूळही जात नाही. पीक आलं नाही की माणूस आणखी नांगरतो, आणि थर आणखी बसतो."

"म्हणजे मी."

"आजोबाही. दादाही. कष्ट केलेत सगळ्यांनी, म्हणूनच तो इतका पक्का झालाय."

"खात्री काय?" दादा म्हणाला. आवाजात आता भांडण नव्हतं. त्याला खरंच विचारायचं होतं.

"पाणी आणा."

तिने दोन आळी केली. एकात पट्टा तसाच ठेवला, दुसऱ्यात पहारीने फोडला. वहिनीने घागर दोन्हीत सारखी ओतली. सगळे वाकून बघू लागले. पहिल्या आळ्यात पाणी हलेना. त्यात ढग दिसत होते. दुसऱ्यात पाण्याला एक भोवरा पडला, बुडबुडे आले, आणि तहानलेल्या माणसाने भांडं तोंडाला लावावं तसं ते गडपकन खाली गेलं.

दादा दुसऱ्या आळ्याशी उकिडवा बसला.

"परत ओत," आत्या म्हणाली.

परत ओतलं, परत गेलं. घागर रिकामी झाली. तेव्हा थोरल्यांनी बादली उचलली आणि गुडघ्यांची तमा न करता स्वतः ओढ्यावर जाऊन भरून आणली. तीही गेली. ओला, गार, मोकळ्या मातीचा वास वर आला. त्यांना तो वास वरच्या शेतातून ओळखीचा होता. ह्या शेतातून तो कधीच आला नव्हता.

ते भावाकडे वळले. बोलायला जड जात होतं. चारचौघांत बोललेलं एक वाक्य आता चारचौघांतच मागे घ्यायचं होतं, आणि ते कसं करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"धाकट्या," ते शेवटी म्हणाले, "हे फोडायला काय लागेल?"

मिस्त्रींनी पहार खाली ठेवली. दुकानात एखादं अवघड इंजिन पुढ्यात आल्यावर व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला. "नांगराचं काम नाही. एकच दात हवा, लांब, जाड पोलादाचा, टोक पुढे वळलेलं. माती उलटायची नाही, आतून नुसती तडकवायची. जमीन कोरडी ठणठणीत असताना. मी करतो. आठवडाभरात करतो."

"कर," थोरले म्हणाले. मग थोडं थांबून, "तुझा तो गहू चांगला उगवला होता. मी बघितला होता."

मिस्त्रींनी मान हलवली. खड्ड्यातून वर यायला त्यांनी हात पुढे केला, आणि थोरल्यांनी तो धरला.

मुंगीने गिरमिट पुसून बाजूला ठेवलं. मग ती म्हणाली, "ओढ्याकाठची पट्टी सोडून द्या, तिथे गवतच बरं. बाकी सगळं शेत गव्हाला चालेल. उताराच्या बाजूने एक चर काढा. आणि पुन्हा ओल्यात नांगर घालायचा नाही, नाहीतर थर परत बसेल."

"आणि नाही आला गहू तर?" दादा एकदम म्हणाला. "तुम्ही सगळे आज इथे आहात. उद्या कोण असेल? ट्रॅक्टर मी काढायचा, चर मी खणायचा, राखण मी करायची. मला शेत नको असं नाही. मला एकट्याला नको."

आत्याने चष्मा काढून पुसला. ह्या मुलाला तिने आळशी समजलं होतं. "चूक आमची आहे," ती म्हणाली. "मी ह्या घरी राहायला येते. राखण मला जमते, आयुष्यभर वांड कार्टी सांभाळलीत."

"दुकान माझा कारागीर बघेल," मिस्त्री म्हणाले. "हंगामभर मी इथेच."

"आणि मी?" थोरले म्हणाले. "मी काय मेलोय? ट्रॅक्टरवर बसायला गुडघे लागत नाहीत."

"लागतात," दादा म्हणाला, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसला.

*

भट्टीवाला संध्याकाळी आला तेव्हा सगळ्यांचे पाय चिखलाने माखलेले होते. त्याने आदराने चौकशी केली, तो पाणी प्याला आणि त्याने थोरल्यांकडे पाहिलं. थोरल्यांनी दादाकडे बोट दाखवलं.

"माती द्यायची नाही," दादा म्हणाला.

"अहो, त्यात काही येत नाही म्हणाला होतात ना?"

"येत नव्हतं."

"विचार करा. वरच्या थराच्या विटा एक नंबर होतील."

"आमची वीट आधीच झालीये," थोरले आतून ओरडले. "भट्टी न लावता! आता ती फोडायची आहे!"

भट्टीवाल्याला त्यातलं काही कळलं नाही. पण घरातले सगळे इतके हसले, की तोही हसला आणि उरलेलं पाणी पिऊन गेला.

*

मिस्त्रींनी घडवलेला पोलादी दात पहिल्या दिवशी वाकला. त्यांनी तो रात्रीत नाही, चांगला वेळ घेऊन पुन्हा घडवला. दुसऱ्या खेपेला ट्रॅक्टर शेतातून गेला तेव्हा जमिनीच्या आतून कडकड आवाज येत गेला आणि आत्या बांधावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मुंगीचा सहकारी आला, त्याने मुंगीपेक्षा जास्त खड्डे खणले आणि तिच्यापेक्षा कमी बोलला. त्याचंही म्हणणं तेच निघालं. पाऊस झाला तेव्हा सगळं घर छत्र्या घेऊन शेतावर गेलं. पाणी साचलं नव्हतं. चरातून थोडं वाहत होतं, बाकीचं जमिनीने घेतलं होतं.

मग गहू आला. आधी नुसती हिरवी झाक, मग पोटरीएवढा, मग गुडघ्याएवढा. तिथे मिस्त्री रोज जाऊन उभे राहायचे, कारण तेव्हाचा गहू इथवरच आला होता. एके सकाळी तो त्यांच्या गुडघ्याच्या वर होता आणि हिरवागार होता. ते धावत घरी आले आणि चहा न घेताच परत गेले. पुढे ओंब्या भरल्या, रंग बदलला, आणि वाऱ्याबरोबर सगळं शेत एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळू लागलं.

कापणीच्या दिवशी मुंगी रजा घेऊन आली. यंत्राने पहिली ट्रॉली भरली, तेव्हा धान्य अजून उन्हाने गरम होतं. थोरल्यांनी त्यात हात घातला, कोपरापर्यंत. मग कुणाला काही कळायच्या आत ते चाकावर पाय ठेवून ट्रॉलीत चढले आणि ढिगावर जाऊन बसले.

"थोरल्या, उतर खाली!" आत्या म्हणाली. "वय बघ!"

"धाकट्या, ये की वर," थोरले म्हणाले.

मिस्त्री चढले. दोघे भाऊ मांडीपर्यंत गव्हात रुतून बसले आणि ट्रॉली तशीच शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमागे रस्त्याला लागली. बाजारपेठेत दुकानदार बाहेर येऊन बघू लागले. कुणीतरी विचारलं, "मिस्त्री, गहू कुठला?"

"खालच्या शेतातला!" थोरल्यांनीच उत्तर दिलं, आणि पुढच्या चौकात कुणी विचारलं नाही तरी पुन्हा दिलं.

गिरणीच्या दारात पिशव्या घेतलेल्या बायका उभ्या होत्या. त्यांनी आपणहून वाट करून दिली. ट्रॉली काट्यावर चढली, आणि खिडकीतून वहिनीने डोकं बाहेर काढलं.

"माणसं उतरा. मला गव्हाचं वजन करायचंय."

"आम्ही नाही उतरत," थोरले म्हणाले. मिस्त्रींनी ओंजळ भरून गहू उचलला आणि बोटांतून खाली सोडला. उतरायचं त्यांच्याही मनात दिसत नव्हतं.

वहिनीने सासऱ्यांकडे पाहिलं, चुलतसासऱ्यांकडे पाहिलं. "बरं, बसा. पण रिकामी ट्रॉली काट्यावर येईल तेव्हाही दोघे असेच बसून या, म्हणजे वजा करता येईल."

रांगेतल्या बायका हसू लागल्या. आत गिरणीचा पट्टा सुरू झाला, भिंती थरथरल्या. तोच मागच्या वळणावरून भोंगा वाजला. दुसरी ट्रॉली घेऊन दादा येत होता, उभा राहून एका हाताने चाक धरून, दुसऱ्याने सगळ्यांना बाजूला सारत.

"जागा करा!" तो ओरडत होता. "अजून आहे! अजून खूप आहे!"